स्टीअरिंग हलवणारं माणूस

तिसऱ्यांदा तीच गाडी वर्कशॉपच्या दारात आली तेव्हा मामाने तिच्याकडे पाहिलंही नाही. हॉर्नच्या आवाजावरून त्याने ओळखलं होतं. तो हातातला पाना उगाचच पुसत राहिला. पाना स्वच्छच होता.

गाडी फिरत्या दवाखान्याची. उंच, दणकट, चारही चाकांना जोर असलेली, डोंगरावरच्या वस्त्यांपर्यंत दगडधोंड्यांतून चढणारी. ती चालवायच्या नर्सबाई. बारीक चणीच्या, चष्मा लावणाऱ्या, पण स्टीअरिंगवर बसल्या की भल्याभल्या ड्रायव्हरांनी बाजू द्यावी अशा. त्या खाली उतरल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, "मामा, हात बघा माझे."

मामाने पाहिले. दोन्ही तळहातांच्या मुळाशी लाल वळ उठले होते.

"साठच्या पुढे गेलं की स्टीअरिंग असं थरथरतं की वाटतं आता उपटून हातात येणार. आणि साधा खड्डा लागला तरी मणका डोक्यात जातो. काल मागे एक आठ महिन्यांची गरोदर बाई बसवून आणली. तिने सगळ्या रस्त्यात एकदाही तोंड उघडलं नाही, दात आवळून बसली होती. मला तिच्याकडे बघवेना."

"टायर बॅलन्स केले होते."

"केले होते. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा तुम्ही स्टीअरिंगचे हादरे शोषणारा डॅम्पर बदललात. चार दिवस बरं वाटलं." नर्सबाईंनी चष्मा काढून पुसला. "मामा, ऑफिसने सांगितलंय. आता परत तक्रार आली तर गाडी मोठ्या वर्कशॉपला जाणार. मी भांडून हा एक दिवस घेतलाय. आज काय ते सापडलं पाहिजे."

मामाने मान हलवली. तसाही तो बोलघेवडा कधीच नव्हता. या धंद्यात तोंड चालवायचं काम त्याच्या घरात दुसऱ्या माणसाकडे होतं, आणि त्या माणसाला जाऊन पाच महिने झाले होते.

मामी. सगळं गिऱ्हाईक त्याला मामा म्हणायचं म्हणून ती मामी झाली, की ती आधी मामी झाली आणि मग तो मामा, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. वर्कशॉप आणि घर यांच्यात एकच दार. सकाळची कामं उरकली की ती त्या दारातून यायची, हात पदराला पुसत सरळ गाडीत चढायची आणि स्टीअरिंगवर बसायची. कारण स्टीअरिंगमधला ढिलेपणा शोधायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून स्टीअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायचं, आणि दुसऱ्याने गाडीखालच्या खड्ड्यात उभं राहून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जो सांधा बोटांखाली टचकन उडाला, तो चोर. चाकं जमिनीवर, गाडीचं सगळं वजन चाकांवर, इंजिन चालू. बस एवढंच. पण एकट्याने करायचं म्हटलं की नाकी नऊ येतात.

हाताखाली एखादा माणूस ठेवावा असं मामाला सव्वीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. गरजच काय? मामी होती. ती एका हाताने स्टीअरिंग हलवायची, दुसऱ्या हातात शब्दकोड्याचं पान. वरून ओरडायची, "अहो, उभा शब्द, चार अक्षरी, 'हट्टी माणूस'!" आणि हा खालून, तोंडात टॉर्च धरून, "तूच" म्हणायचा. "दोनच अक्षरं झाली," ती म्हणायची. "तुमची मोजणी तेवढीच."

ती गेल्यावर माणसं आली, बसली, उठली. लांब राहणारी मुलगी पंधरा दिवस राहिली आणि "बाबा, आता बंद करा हे" म्हणून गेली. रविवारी फोन करते. जेवलात का विचारते. मामा हो म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं, फक्त उभ्याने खाल्लेलं असतं. बसून खायचं तर समोरची खुर्ची दिसते, म्हणून त्याने ती एकदा माडीवर नेऊन ठेवली. मग तिथली मोकळी जागा दिसायला लागली. तेव्हापासून तो ओट्यापाशी उभाच खातो.

काम मात्र थांबवलं नाही. काम थांबवलं तर दिवसाचं करायचं काय? पण या पाच महिन्यांत त्याला रोज थोडी थोडी शंका येऊ लागली होती. अंदाज चुकायला लागले होते. हातातलं कसब गेलं की काय? की नव्हतंच कधी? साठीच्या माणसाला हा प्रश्न फार वाईट. गाडी गेली तर जाऊ दे, पण ही गाडी आपल्याला सापडत नाही हे त्याला आत कुठेतरी पोखरत होतं.

मागच्या वेळेला त्याने काय केलं होतं ते नर्सबाईंना ठाऊक नव्हतं. स्टीअरिंगला त्याने दोरी बांधली होती. दोन्ही टोकं खिडक्यांतून खाली खड्ड्यात सोडलेली. एका हाताने दोरी ओढायची, एका हाताने सांधा धरायचा, टॉर्च दातात. पहिल्याच ओढीला दोरी हॉर्नवर घसरली आणि गाडी अशी बोंबलायला लागली की समोरचा शिंपी कात्री हातात घेऊनच धावत आला. मामा खड्ड्यातून डोकं वर काढून म्हणाला, "काही नाही, हॉर्न बघतोय." शिंपी गेला. मामाने दोरी गुंडाळून ठेवली आणि अंदाजाने डॅम्पर बदलला.

आज मात्र अंदाजाला जागा नव्हती. त्याने गाडी खड्ड्यावर घेतली आणि इंजिन चालू ठेवून तसाच उभा राहिला.

"काय झालं?" नर्सबाईंनी विचारलं.

मामाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने बाकावर बसायचं. काम चालू असताना गिऱ्हाईक गाडीला हात लावत नाही. भलेभले तालेवार लोक त्या बाकावर मुकाट बसून गेले होते. त्याने बाकाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "जरा स्टीअरिंगवर बसता?"

त्या बसल्या. मामा खड्ड्यात उतरला. "थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. हलवत राहा. थांबू नका."

वरून स्टीअरिंग हलायला लागलं आणि मामाचे हात एकेका सांध्यावरून फिरू लागले. हा ठीक. हाही ठीक. मग तो त्या आडव्या दांड्यापाशी आला. एका बाजूने चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, आणि दुसऱ्या बाजूने पुढच्या आसाला जोडलेला, आसाला इकडेतिकडे सरकू न देणारा दांडा. त्याच्या टोकाला बोट लावलं आणि ते टोक टचकन उडालं. प्रत्येक हेलकाव्याला दांडा बोल्टभोवती चांगला गहूभर सरकत होता.

"सापडलं!" मामा ओरडला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज एवढा वर गेला. "बाई, सापडलं!"

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! या, खाली येऊन बघा."

जॅकवर गाडीचा पुढचा भाग उचलला, चाकं लोंबकळली. मामाने दांडा सोडवला आणि त्याच्या टोकाच्या भोकातला, रबराच्या जाड नळीसारखा बुश बाहेर काढला. बुश फाटून त्याचा चोथा झाला होता. मग आसाला पुढेमागे धरणाऱ्या दोन्ही लोखंडी हातांचे बुश काढले. तेही एका बाजूला पिळून तडकलेले. आणि इथे मामाचा पारा चढला. हे सगळे बुश त्याने स्वतः चार महिन्यांपूर्वी घातले होते. कोरे करकरीत.

"बघा, हे असले पार्ट विकतात! चार महिने टिकत नाहीत. उद्या जातोच त्या दुकानदाराकडे आणि त्याच्या काउंटरवर आपटतो."

नव्या बुशांचा एक संच कपाटात होता. बडबडत, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याने ते बसवले, दांडा जागेवर घातला, बोल्ट लावले आणि आवळण्यासाठी मोठा पाना चढवला. नर्सबाई वर जॅकपाशी उभ्या होत्या. त्यांना घाई होती. दुपारी वर वस्तीवर जायचं होतं.

"मामा," त्यांनी विचारलं, "खाली घेऊ का गाडी?"

मामाचा हात पान्यावर तसाच राहिला.

"मामा? खाली घेऊ?"

हेच दोन शब्द. सव्वीस वर्षं, प्रत्येक वेळी, पाना बोल्टवर चढला की वरून हेच यायचं: "खाली घेऊ?" आणि तो दरवेळी वैतागायचा, "घे, घे. मला शिकवतेस होय?" मग ती जॅक सोडायची, चाकं जमिनीवर टेकायची आणि त्यानंतर तो बोल्ट आवळायचा.

कारण बुश आवळायचे ते गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर त्याच जागी पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की पिळलं जातं. मग ते कायम पिळलेलंच. गाडी लाकडासारखी कडक चालते, दोन-तीन महिन्यांत रबर फाटतं आणि स्टीअरिंग थरथरायला लागतं. हे मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

आणि चार महिन्यांपूर्वी, एकट्याने, चाकं लोंबकळत असतानाच त्याने सगळे बोल्ट करकचून आवळले होते.

तो विसरला होता असंही म्हणता येत नव्हतं. ते लक्षात ठेवण्याचं काम कधी त्याच्याकडे नव्हतंच.

मामा खड्ड्यात खाली बसला. तिथल्या तेलकट फरशीवर, पाना मांडीवर घेऊन. मयताच्या दिवशी रडला नव्हता तेवढा रडला. वर नर्सबाई जॅकपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांनी आजारी माणसं खूप पाहिली होती. कुठे बोलायचं नाही हे त्यांना कळत होतं.

बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "घ्या खाली."

चाकं टेकली. मामाने बोल्ट आवळले. मग दोघं गाडी घेऊन बाहेर गेले, साठवर, सत्तरवर, मुद्दाम खड्ड्यांतून. नर्सबाईंनी एक हात सोडून दिला. स्टीअरिंग जागच्या जागी. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं.

परत आल्यावर त्यांनी ऑफिसचा कागद काढला. "काय लिहू? बुश खराब निघाले, बदलले?"

"बुश चांगले होते. मी चुकीचे आवळले. तसंच लिहा."

"मामा, तसं लिहिलं तर गाडी तुमच्याकडे राहणार नाही."

"नाही राहणार. पण ती बाई दात आवळून बसली होती ती माझ्यामुळे. लिहा."

नर्सबाईंनी लिहिलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "गाडीचं ऑफिस बघेल. मी येत जाईन."

त्या गेल्यावर मामा आत आला आणि बोटं मोजत बसला. मामी गेल्यापासून बुशांचं काम किती गाड्यांचं केलं? पाच. नर्सबाईंची धरून. म्हणजे चार गाड्या अजून बाहेर फिरत होत्या, पिळलेल्या रबरांवर.

नंबर त्याच्याकडे नव्हते. सगळे मामीच्या फोनमध्ये. तो फोन त्याने पाच महिने रोज चार्ज केला होता, का ते स्वतःलाही न विचारता. त्याने तो उघडला. नावं तिने आपल्या सोयीने ठेवलेली: 'डावीकडे ओढणारी हिरवी'. 'मास्तर, चहा बिनसाखर'. 'खाणवाले, हळू बोला, ऐकू येतं'. मामाला हसू आलं आणि ते अर्ध्यातच राहिलं.

त्याने मास्तरांना फोन लावला. दुसऱ्याच रिंगला आनंदाचा आवाज आला, "बोला मामी! इतक्या दिवसांनी आठवण झाली?"

मामाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मामी? हॅलो?"

"मी बोलतोय. मामा."

"अरे, मामा! मागे गाडी द्यायला-न्यायला आमचा भाऊ आला होता, माझी गाठच पडली नाही. मामी कशा आहेत?"

हे वाक्य त्याला आजवर कुणापुढे म्हणावं लागलं नव्हतं. ज्यांना कळायचं त्यांना आपोआप कळलं होतं.

"ती गेली, मास्तर. पाच महिने झाले."

मग मास्तर हळूच म्हणाले, "म्हणजे आमच्या गाडीचं काम तुम्ही एकट्यानेच केलंत?"

"हो. म्हणूनच चुकलंय. उद्या गाडी घेऊन या," मामा म्हणाला. "आणि मास्तर, येताना कुणाला तरी बरोबर आणा. एकट्याने होत नाही हे काम."