अकरा मिनिटांची धूळ

टेस्टकाका कॉम्प्युटरकडे बघायचेच नाहीत. मी व्हिडिओ एन्कोडिंगला लावला की ते खुर्ची भिंतीला टेकवत, डोळे मिटून घेत आणि कॅबिनेटच्या पंख्याचा आवाज ऐकत बसत. नवख्याला वाटावं, म्हातारा पेंगला. पण मध्येच म्हणायचे, "आता तो डिस्कची वाट बघतोय." किंवा, "एकच कोअर राबतोय रे, बाकीचे गप्पा मारत बसलेत." मी स्क्रीनवर बघावं, तर अगदी तसंच असायचं. पहिल्यांदा मला जरा भीतीच वाटली होती.

मुलुंडला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर माझा लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि डोंगराच्या बाजूची एक खिडकी. काका तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. त्यांची सगळी नोकरी ट्रॉम्बेला, उपकरणं तपासण्यात गेलेली, म्हणून सोसायटीत ते टेस्टकाका. निवृत्तीनंतर घरातला गीझर, शेजाऱ्यांचे वजनकाटे, सोसायटीचा पंप असं सगळं तपासून झालं आणि मग त्यांची नजर माझ्या प्रोसेसरवर पडली. कॅमेऱ्यातली अवाढव्य फाइल आवळून मोबाइलवर चालेल एवढी करायची, म्हणजेच एन्कोडिंग, हे माझं रोजचं काम. ते कुठला प्रोसेसर किती वेळात करतो, हे त्यांचं रोजचं कुतूहल.

त्यांचा नियम ठरलेला होता. "एकच फाइल, एकच सेटिंग, आणि खोटं बोलायचं नाही." ती फाइल त्यांच्या पेनड्राइव्हवर असायची आणि पेनड्राइव्ह सदऱ्याच्या खिशात. अकरा मिनिटांचा व्हिडिओ. गॅलरीत एक बाई सुपात तांदूळ पाखडते आहे, दुपारचं तिरपं ऊन आहे आणि उन्हात कोंड्याची धूळ तरंगते आहे. बस्स, एवढंच. शेवटी ती बाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "झालं का तुमचं?" आणि व्हिडिओ संपतो.

"हाच का पण?" मी एकदा विचारलं. "धुळीसाठी," काका म्हणाले. "माणसाचा चेहरा कुणीही एन्कोड करील. उन्हातली धूळ म्हणजे प्रोसेसरची खरी कसोटी. घाईतला असला की तो धुळीला कचरा समजतो आणि पुसून टाकतो. वेग बघू नको रे नुसता. काय गाळलं ते बघ."

एकदा मी नवा प्रोसेसर घ्यायला घाटकोपरच्या दुकानात निघालो, तर काका बरोबर आले. दुकानदार उत्साहात होता. "काका, चोवीस कोअर आहेत, एकदम झकास!" काका शांतपणे म्हणाले, "पंगतीला चोवीस जण बसले आणि वाढणारा एकटाच असला, तर जेवणं लवकर उरकतात का?" मग त्यांनी पेनड्राइव्ह काढला आणि तीच फाइल तिथल्या दोन कॉम्प्युटरांवर लावायला लावली. एकदा नव्हे, तीनतीनदा. बाकीची गिऱ्हाइकं सुपातले तांदूळ बघत ताटकळत उभी. मी लाजेने अर्धा झालो. परत येताना रिक्षात काका म्हणाले, "हा दुकानातला वेळ, एसीतला. तुझ्या खोलीत मे महिन्यात लाव, मग कळेल कोण दमतो ते." मे महिन्यात कळलं. दुकानात पहिला आलेला ज्या ओळखीच्या एडिटरने घेतला, त्याच्याकडे तो तापून रखडला. काकांनी घ्यायला लावलेला दुसरा मात्र तीच चाल धरून होता.

ती बाई कोण, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. टेस्टची फाइल, तिच्यात कोण आहे हे कशाला विचारायचं? एका दुपारी काका फाइल लावून डोळे मिटून बसले होते, पंखा घुमत होता, खिडकीतून डोंगरावरचा वारा येत होता. मलाही झापड येत होती. तेव्हा ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "कॅमेरो नवो होतो. हिका सांगलंय, हलू नको. ती हलतच ऱ्हवली." काका मनातलं बोलू लागले की मालवणीवर यायचे. ती बाई म्हणजे काकू; हा व्हिडिओ काढल्यावर दुसऱ्याच वर्षी त्या गेल्या होत्या. त्या दिवसापासून ती फाइल उघडताना मला चपला बाहेर काढाव्याशा वाटायच्या.

मग काकांची दृष्टी अधू होत गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता मागे फिरणार नाही. मुलगी त्यांना नाशिकला घेऊन जाणार असं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी ते भिंत चाचपत खाली आले आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "टॅबवर चालेल असं करून दे. धूळ जाऊ देऊ नको."

नेमकी त्या दिवशी एका लग्नाची डिलिव्हरी होती. लग्नघरचे दर अर्ध्या तासाला फोन करत होते. नव्या प्रोसेसरमध्ये झटपट एन्कोडिंगची सोय होती. मी ती वापरली. मिनिटभरात काम झालं. मी व्हिडिओ लावला. काकू स्वच्छ दिसत होत्या, सूप स्वच्छ, ऊन स्वच्छ. धुळीचा एक कणही नव्हता.

"धूळ दिसते ना रे?" काकांनी विचारलं.

"दिसते, काका."

काकांनी कॅबिनेटच्या दिशेने कान वळवला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "पंखो इतको गप होतो झिला, मगे धूळ कशी ऱ्हवतली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी लग्नवाल्यांना फोन करून सांगितलं, आज मिळणार नाही, काय बोलायचं ते बोला. ते बोलले. मग मी तीच फाइल सगळ्यात सावकाश सेटिंगवर लावली. पंखा घुमायला लागला. काकांनी खुर्ची भिंतीला टेकवली, डोळे मिटले. ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं तरी आम्ही दोघं तसेच बसून होतो. चहा गार झाला. पंख्याच्या त्या घुमण्यात मलाही सुपाचा आवाज ऐकू येतोय असं वाटायला लागलं. इतकी सुखाची दुपार माझ्या वाट्याला फार थोड्या वेळा आली आहे.

संध्याकाळी पंखा शांत झाला. मी व्हिडिओ लावला. "आहे," मी म्हणालो. "सोनेरी आहे. सुपावरून वर जातेय, काकूंच्या केसांवर बसतेय." काका मान हलवत ऐकत होते. शेवटी काकू म्हणाल्या, "झालं का तुमचं?"

"होतंय," काका म्हणाले.

दीड वर्षाने नाशिकहून त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले म्हणाली. टॅब उशाशीच होता.

पेनड्राइव्ह काकांनी परत घेतलाच नव्हता. नवा प्रोसेसर आला की मी अजून तीच फाइल लावतो. एकदा नव्हे, तीनदा. डोळे मिटून पंखा ऐकतो, मग उघडून धूळ शोधतो. शेवटी काकू वर बघून विचारतात, तेव्हा खोलीत उत्तर द्यायला मी एकटाच असतो.

"होतंय, काकू," मी म्हणतो.