गोड्या पाण्याचं बेट

बेटावर सगळे तिला चादरवाली काकू म्हणत. नवरा ऐन उमेदीत तापाने गेला. पदरी मूल नाही. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू, अशा दोघीच. परसात विहीर होती, चार घरांत मिळून एक. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध हे गोडं पाणी. बेटावर माणसं टिकली ती त्याच्याच जिवावर.

एरवी हे बेट कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. पण मोठ्या किनाऱ्यांवरच्या गर्दीला विटलेले लोक, जिथं कुणी जात नाही अशी जागा शोधत इथं येऊ लागले, आणि कुणी जात नाही म्हणता म्हणता धक्क्यावर होड्या भरभरून माणसं उतरू लागली. शेजारीच वेगळा राहणाऱ्या धाकट्या दिराने वारा बघून शीड फिरवलं. घराशेजारी खोल्या बांधल्या, न्हाणीघरांत फवारे बसवले, विहिरीत पंप सोडला. चादरी, अभ्रे, टॉवेल धुवायचं काम वहिनीकडे आलं. तिला बरंच वाटलं. कुणापुढे हात पसरायला नको, आणि सासूकडेही लक्ष राहतं.

काही वर्षं बरी गेली. मग एका उन्हाळ्यात साबणाला फेस येईना. तिने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"भाऊजी, पाणी मचूळ लागतंय."

"वहिनी, तुमची जीभ मचूळ झालीय," दीर हसला. "पाऊस पडला की होईल सगळं ठीक."

"पंप थोडे दिवस बंद ठेवा."

"आणि पाहुण्यांना काय, समुद्रात आंघोळ करा म्हणू?"

तिने जास्त ताणलं नाही. पाऊस आला, विहीर भरली, पण पाण्याची चव काही परतली नाही. आतून समुद्र शिरला तो शिरलाच. परसातले वेल पिवळे पडून वाळले. शेजारीण कुंपणाशी येऊन म्हणाली, "तुझ्या दिराने आमच्या तोंडचं पाणी पळवलं."

काकू खाली मान घालून म्हणाली, "पंप त्याचा, पण त्यातलं निम्मं पाणी माझ्याच टबात पडत होतं." शेजारणीने त्या दिवसापासून बोलणं टाकलं.

हाल झाले ते सासूचे. काकू पाणी उकळून, गाळून देई. म्हातारी घोट घेऊन तोंड फिरवी. "समुद्र पाजतेस का गं मला?" दिराने पाहुण्यांसाठी आणलेल्या बाटल्या आईसाठी आणून दिल्या. माणूस वाईट नव्हता. पण म्हातारीला तेही पाणी पटेना. "याला काही चवच नाही," म्हणे. हळूहळू तिने पाणीच तोडलं. ओठ सुकले, बोलणं असंबद्ध झालं. डॉक्टरला घेऊन होडी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दीर उंबऱ्यात बसून लहान पोरासारखा रडला. काकूने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि त्याला बोलही लावला नाही.

पुढे पाहुणेही आटले. केस चिकट होतात, नळांवर पांढरे थर बसतात, अशी कुरकुर सुरू झाली, आणि त्यांना आणखी लांबचं, आणखी कुणाला ठाऊक नसलेलं एक बेट सापडलं. दीर तिथं एका लॉजवर व्यवस्थापक म्हणून लागला. निघताना म्हणाला, "वहिनी, चला. तिथंही चादरी आहेतच."

"इथली विहीर?"

"आता आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

ती गेली. न जाऊन सांगते कुणाला? धक्क्यावर शेजारीण आली होती. पण होडी सुटेपर्यंत ती कठड्याला टेकून दुसरीकडेच बघत राहिली.

काकू अजून तिथंच आहे, लॉजच्या मागच्या खोलीत. साबणाने बोटं फाटलीत, गुडघे वाकत नाहीत. संध्याकाळी दीर चहाचे दोन कप घेऊन येतो. दोघं होड्यांबद्दल बोलतात, पाहुण्यांबद्दल बोलतात. आईचा विषय कुणीच काढत नाही.