देवाला विचारायचं काम

आमच्या घरात कामांची वाटणी ठरलेली होती. बाजार, बँक आणि गॅस माझ्याकडे, आणि देवाला विचारायचं काम बायकोकडे. मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, तारनाक्याचं हे घर घ्यायचं की नाही, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नुसतं तेल चोळत बसायचं, प्रश्न कुठलाही असो, मी तो तिच्यापुढे टाकायचो. प्रभूला विचारून सांगते, म्हणायची. मग दोन दिवस त्याबद्दल अवाक्षर नाही. तिसऱ्या दिवशी चहाबरोबर उत्तर यायचं आणि बहुधा ते बरोबर असायचं. मी उभा जन्म रेल्वेत काढला. आमच्या साहेबांकडून इतक्या लवकर उत्तर आल्याचं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी ती गेली. नारायणगुड्याच्या कबरस्तानात तिला ठेवून आलो, आणि थोड्याच दिवसांत मुलीने पुण्याहून विचारलं, पपा, इकडे राहायला येता का? ती तिथे नोकरी करते, एकटी राहते. लग्नाचा विषय आमच्या घरात केव्हाच बंद झाला आहे. दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करायची, दर रविवारी विचारायची आणि मी म्हणायचो, बघू. जावं तर बायकोची कबर इथे, चर्चमधल्या मराठी उपासनेला उरलेली चार डोकी इथे. न जावं तर या घरात दिवसभर माझ्याशी बोलतो तो फक्त कुकर. बरं, पोरगी मनापासून बोलावते की कर्तव्य म्हणून, तेही कळत नव्हतं. माझं घोडं तिथेच पेंड खात होतं.

म्हणून मी स्वतःच देवाला विचारायला बसलो. तिच्या खुर्चीत, तिच्या वेळेला, पहाटे. प्रभू, मला शहाणपण दे, एवढं म्हणून झालं की पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. नुसता पंख्याचा आवाज. एकदा डोळे मिटून शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं, तर ते जुन्या करारातल्या निवासमंडपाच्या पडद्यांच्या मापांवर पडलं. आता पडद्यांच्या मापांवरून माणसाने पुण्याला जायचं की नाही हे कसं ठरवावं? देव मूग गिळून बसला होता आणि मी चिडत होतो. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. तो तिच्याशी बोलायचा आणि माझ्याशी बोलत नाही, म्हणजे इतकी वर्षं तो फक्त तिच्यासाठीच आमच्या घरी येत होता की काय, असं वाटायचं.

शेवटी ऑटो करून बरकतपुऱ्याला गेलो. बायकोची जुनी मैत्रीण तिथे राहते. चर्चच्या तेलुगू मंडळीतली, शाळेतून निवृत्त झालेली बाई. दर बुधवारी दोघी मिळून प्रार्थना करायच्या. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, माझ्यासाठी तुम्हीच विचारा. म्हणजे काम पुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात. तिने ते घेतलं नाही.

"अन्ना, अक्का को ऊपर से आवाज वगैरे कुछ नै आती थी," ती म्हणाली. "दो दिन उनो तुमकोच देखते बैठती थी. खाना बराबर खा रे क्या, सो रे क्या, कौन सी बात पे चुप हो जा रे. प्रभु से इतनाच मांगती थी, मेरेकु बराबर दिखने दे."

परतताना मला बायकोचा राग आला. मी समजत होतो वरून निरोप येतात, आणि ही नुसती माझ्या ताटाकडे बघत होती. तो राग विद्यानगरपर्यंतच टिकला. मग लक्षात आलं की आता माझ्या ताटाकडे बघणारं कुणी उरलेलं नाही. तिला माती देतानाही मी इतका एकटा पडलो नव्हतो.

पुढच्या रविवारी फोन यायच्या आधी मी तेवढंच मागितलं, बायको मागायची तेवढंच. व्हिडिओ कॉलवर माझी एक खोड होती, कोपऱ्यातल्या चौकटीत मी माझंच तोंड बघत बोलायचो. दाढी वाढली का, किती थकलो. त्या दिवशी तिच्याकडे बघितलं. पोरगी वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. रविवार असून ती नुकतीच ऑफिसातून आली होती. सुट्टीच्या दिवशी कसलं ऑफिस, मी विचारलं. काम होतं, म्हणाली. मी पुढे काही विचारलं नाही, नुसता बघत राहिलो.

"पपा," शेवटी ती म्हणाली, "मला एकटीला घरी थांबवत नाही हो."

इतके महिने मी देवाला माझ्याबद्दलच विचारत होतो. मी येतो, म्हणालो. ती फोन हातात घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तो तिने समोर धरला. भिंतीला लागून एक पलंग होता. गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. हा कधी घेतलास, मी विचारलं.

"आई गेली त्याच महिन्यात," ती म्हणाली.