घड्याळ थांबवणारा हॅल्वर

हॅल्वर ब्रेकेला गावकऱ्यांनी तीनदा विधानसभेत निवडून पाठवलं, आणि सभागृहाने त्याला काम दिलं एकच. घड्याळ थांबवायचं!

अधिवेशन शेवटच्या दिवशी दुपारी बाराला संपलंच पाहिजे, असा कायदा. पण आमदारांची कामं कधी वेळेत उरकलीत? मग बाराला दहा कमी असताना सभापती खूण करायचे, सगळ्यांत उंच म्हणून हॅल्वर शिडीवर चढायचा, लंबक धरून थांबवायचा. मग बाहेर दिवे लागले तरी आत बारा काही वाजायचे नाहीत. सगळ्यांना ठाऊक, सगळे गप्प.

हॅल्वरला हवा होता एक पूल. गावाजवळच्या नदीवर तराफा होता, तो उलटून त्याचा मुलगा नील्स बुडाला. नील्सच्या दोन्ही पोरी अजूनही शाळेला त्याच तराफ्याने जायच्या. त्या परत येईपर्यंत हॅल्वरची बायको गुनहिल्ड काठावर उभी असायची, हातातली कॉफी गार होईस्तोवर. पुलासाठीच हा माणूस सभापती सांगतील तिथे हात वर करत आला. शेतकऱ्यांच्या फायद्याचा गव्हाच्या कोठारांचा कायदा पाडताना केला, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं तरी केला. या खेपेला अंगात त्राण उरलं नव्हतं. तीन खेपा गाजर खाऊन कुणाचं पोट भरतं?

"आधी रेल्वेचं विधेयक, मग तुझा पूल," सभापती व्हिटकोंब सकाळी म्हणाले होते. "शब्द देतो, हॅल्वर."

"मागेही दिला होतात, साहेब."

"अरे, या वेळी नक्की!"

घड्याळ थांबलं. रेल्वेचं विधेयक दुपारभर रेंगाळलं आणि दोन मतांनी पास झालं. त्यातलं एक हॅल्वरचं. टाळ्या पडल्या. सभापतींनी घाम पुसला.

"हॅल्वर, कर बाबा घड्याळ सुरू. घरी जाऊ दे आता."

"आणि पूल?"

"पुढच्या अधिवेशनात पहिला तुझाच."

गरज सरो, वैद्य मरो! हॅल्वर निमूट शिडीवर चढला. सुरू करायला लंबक बाजूला ओढला आणि तसाच धरून उभा राहिला.

"लंबक सोडणार नाही, साहेब. बारा वाजलेले नाहीत. पूल घ्या."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. "म्हातारा वर जाऊन देवाशी बोलतोय की काय!"

"हॅल्वर, खाली ये. तमाशा नको," शेजारच्या बाकावरचा इनोक साथेर हळूच म्हणाला. तोही नदीकाठचाच.

"तू बस ना, इनोक. मतापुरता तरी बस."

इनोकने खिशातलं घड्याळ काढून बघितलं. "माझी गाडी आहे रे," म्हणाला, आणि टोपी उचलली.

मग एकेक जण उठला. कुणी भांडलं नाही, कुणी शिडी ओढली नाही. बाकं सरकली, दार वाजत राहिलं. सभापतींनी रिकाम्या बाकांवर नजर फिरवली, हातोडाही न आपटता कोट चढवला.

"गणपूर्ती नाही, हॅल्वर. आता तू ते धर नाहीतर सोड, एकच."

तेही गेले. हॅल्वरचा खांदा भरून आला होता. इतका थकवा त्याला कापणीतसुद्धा आला नव्हता. खिडकीबाहेर अंधारून यायला लागलं होतं. पोरी या वेळेला तराफ्यावर असणार, गुनहिल्ड काठावर.

समोर तबकडीवर बाराला दहाच कमी होते. त्याने लंबक सोडला नाही.