प्रमुख पाहुणी आधीच आली

देवानं मला नाक-डोळे देताना हात आखडता घेतला आणि सगळी भरपाई गळ्यात केली. त्यामुळे पाचोडजवळच्या आमच्या गावात झेंडावंदन असो की कुणाचं डोहाळजेवण, माईक माझ्याच हातात येतो. शाळेत शिकवते ती पगारासाठी, जगते सूत्रसंचालनासाठी. आरोग्य केंद्राच्या समितीवर मला घेतलं तेही याच हिशोबानं. उद्या कार्यक्रम निघाला तर बोलणारी बाई घरचीच असावी!

कार्यक्रम निघाला. पण त्याआधी बैठक झाली आणि ती कार्यक्रमाला तोडीस तोड रंगली.

विषय एवढाच, की यंदाच्या निधीत एकच मोठी गोष्ट बसत होती. कुठली घ्यायची? समितीतले सगळ्यात ज्येष्ठ, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणतं, त्यांनी फेटा सावरला.

"कमान," ते म्हणाले. "फाटकावर. शिमिटाची. वर दोन मोर. दवाखाना कसा लांबून दिसला पायजे."

"आबा, पेशंट आडवा येतो. त्याला मोर दिसायचे कसे?" मी विचारलं.

"नातेवाइकांना दिसतील की!"

मग बाळंतपणं करणाऱ्या आमच्या सिस्टर बोलल्या. त्यांना वॉर्मर हवा होता, नव्या बाळाला वरून ऊब देणारं यंत्र. गेल्या थंडीत संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेताना एक बाळ वाटेतच गार पडलं होतं. ते परत आलं नाही.  आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"खरं हाय," शेवटी ते हळूच म्हणाले. "पण मशिनीवर समितीची नावं लिवायची कुठं?"

अस्सं! दुखणं कळलं. मी उठले. माईक नव्हता, तरी मूठ तोंडाशी नेली. "मंडळी, कमानीवरच्या नावांवर कबुतरं बसतील! वॉर्मरच्या खोलीत मात्र भिंतीवर संगमरवरी पाटी असेल. गावात जन्मलेलं लेकरू डोळे उघडून पहिलं काय वाचेल?"

आबांनी डोळे मिटले. बहुतेक ते वाचणारं लेकरू त्यांना दिसत असावं.

"वरचं नाव कुणाचं?"

"वयानं थोरल्याचं, आबा."

वॉर्मर मंजूर झाला.

यंत्र आलं, जोडून झालं, चालवूनही पाहिलं. आणि मग आमच्या रिवाजाप्रमाणे पुन्हा प्लास्टिकमध्ये गेलं. उद्घाटन न होता आमच्याकडे पाण्याची टाकीसुद्धा तहान भागवत नाही. आबांनी त्याला लाल फीत गुंडाळली, फुगीर गाठ मारली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. फीत कापायला शहरातून एक साहेब येणार होते. ते तारखा देत राहिले, सिस्टर दातओठ खात राहिल्या.

अखेर एका कडाक्याच्या सकाळी मांडव पडला. खुर्च्या मांडल्या, हलगीवाले आले, फेटे बांधले गेले. साहेब तेवढे आले नाहीत. आली ती एक बाई, रिक्षातून, कळा देत. नवरा बजाजनगरला कंपनीत कामाला, सोबत फक्त सासू. दिवस भरलेले नव्हते. बघता बघता बाळंत झाली.

सिस्टर धावत ओसरीवर आल्या. "बाळ लई बारीक आहे. गार पडायलंय. डॉक्टर आईचं रक्त थांबवायलेत, तिच्या छातीशी धरता येत नाही. मशीन आत्ताच्या आत्ता पाहिजे!"

आबांनी फोन कानाला लावलेला. "सायेब वाटंवरच्या आडूळला पोचले म्हणं. अर्धा घंटा."

"आडूळला म्हणजे अजून आंघोळ करू राहिले, आबा!" मी ओरडले.

"आवं पण, मोठा माणूस. त्यांच्या आधी फीत तोडली तर काय तोंड दाखवायचं?"

 बाळंतिणीची सासू येऊन आबांच्या पायाशी बसली.  अशा वेळी मला एकच गोष्ट येते. मी माईक उचलला.

"रसिकहो, उभे राहा! प्रमुख पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे!"

सवयीनं सगळा मांडव उठला. हलगी कडाडली. आबा हात जोडून गरकन फिरले. "कुठंत? पाहुणे कुठंत?"

"आत आहेत, आबा! फक्त कपडे घातलेले नाहीत आणि थंडी वाजू राहिली. किल्ली काढा!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, पायाशी बसलेल्या सासूकडे पाहिलं आणि धोतराचा सोगा धरून असे पळाले, की फेटा मागेच राहिला. कुलूप निघालं. कात्री मात्र मांडवात, तबकात! त्यांनी सिस्टरच्या ट्रेमधल्या कात्रीकडे हात नेला.

"ती नाळेची आहे! हात लावायचा नाही!"

मग आबांनी फितीला दात लावले. फीत तुटली नाही, कवळी मात्र बाहेर आली. "ह्यॅ!" म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी फीत ओरबाडली, आणि सिस्टरनी बाळाला आत नेत आम्हाला बाहेर ढकलून दार लावून घेतलं.

दाराशी मी उभी होते. हातातला माईक चालूच होता. हलगी थांबली. सासूबाई पदर तोंडात धरून भिंतीला टेकल्या.

मग आतून बारीकसं, चिडकं, रागीट असं रडणं आलं. मी माईक दाराच्या फटीला लावला. गावभर कर्ण्यांतून ते रडणं घुमलं आणि मांडवानं अशा टाळ्या वाजवल्या, ज्या मला अजून मिळालेल्या नाहीत. मुलगी होती. आईही सावरली.

साहेब पुढं दुपारी आले. "आत बाळ आहे, बूट आणि हार बाहेर," सिस्टर दारातून म्हणाल्या. आबांनी डोकं चालवलं. मांडवाचे दोन बांबू फाटकाशी रोवले, फाटक्या फितीला गाठी मारून मधे बांधली. साहेबांनी ती आनंदानं कापली. आबा मागं सरकून त्या बांबूंकडे बघत राहिले.

"बाई," ते माझ्या कानाशी म्हणाले, "कमानच झाली की वो."

गाव त्या पोरीला पाहुणीच म्हणतं. लसीकरणाला आली की आबा तिला कडेवर घेऊन पाटीसमोर उभे राहतात आणि वरच्या नावावर बोट ठेवतात. "वाच, पाहुणे, वाच."

परवा तिनं पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आबांच्या तोंडात हात घातला आणि गच्च मुठीत कवळी धरली.