तिसरा आकडा

काचेच्या चंबूत द्रव खुणेपर्यंत भरायचा असला, की अक्का गुडघे वाकवून टेबलाच्या उंचीला यायच्या. डोळा खुणेच्या रेषेत, श्वास रोखलेला. साठीला टेकलेल्या बाईचे गुडघे करकरायचे, पण चंबू हातात उचलून बघणं त्यांना मान्य नव्हतं. "हात हलतोय की," म्हणायच्या. "टेबल हलत न्हाई."

अक्कलकोट रस्त्यावर वनौषधींचे अर्क काढणारा आमचा छोटा कारखाना. कुठल्या अर्कात कामाचं द्रव्य नेमकं किती, ते मोजून सही करायचं काम अक्कांचं. मी त्यांच्या हाताखाली. घरी त्या कानडी बोलायच्या, आमच्याशी मराठी, आणि यंत्र बिघडलं की दोन्ही. प्रत्येक पिंपातून तीनदा नमुना काढून मोजायचा, हा त्यांचा नेम. तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापायी सगळ्यांना घरी जायला उशीर होतो.

एकदा वचनागाचा अर्क तपासायला आला. वचनाग सांधेदुखीवर चालतो, पण मुळी जहरी. शुद्ध केल्यावर उरलेलं विष मर्यादेत आहे ना, हे बघावं लागतं. दोन आकडे मर्यादेच्या आत आले, तिसरा बाहेर. माल न्यायला गाडी दारात उभी होती.

"यंत्रात बुडबुडा गेला असेल," मी म्हणालो. "तिसरा सोडून देऊ या."

अक्का माझ्याकडे वळल्या. "दोन खरे आणि तिसरा खोटा, हे तुला कुणी सांगितलं?"

त्यांनी सही केली नाही. साहेब दोनदा येऊन बोलून गेले. दुसऱ्या दिवशी नव्याने नमुने घेतले, तर पिंपाच्या तळचा अर्क वरच्यापेक्षा कितीतरी जहाल निघाला. कुणी नीट ढवळलाच नव्हता.

त्या दुपारी डबा खाताना त्या बोलल्या. आधीच्या नोकरीत अशाच अर्काचा असाच तिसरा आकडा त्यांनी स्वतः खोडला होता. काही आठवड्यांनी तक्रार आली. नातेपुते गावचा एक म्हातारा. औषध घेतल्यावर ओठ बधिर झाले, छाती धडधडली, आणि गेला. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. अक्का एसटीने त्याच्या घरी गेल्या. बायकोने चहा दिला आणि मागितल्यावर उरलेली बाटलीही दिली.

"मग मोजलीत?"

"न्हाई."

"का?"

"भ्याले की रे." डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "आणि आता मोजून काय? ते विष अर्कात आपोआप मोडत जातंय. जितके दिवस मी भीत बसले, तितकं ते कमी झालं."

बाटली आमच्याच कपाटात होती, मागच्या कोपऱ्यात, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. त्या दिवसानंतर कपाट उघडलं की माझी नजर आधी तिथे जायची. अक्का मात्र तिकडे न बघता हवं ते काढून घ्यायच्या.

गेल्या वर्षी थोड्याच दिवसांच्या आजाराने अक्का गेल्या. त्यांच्या वस्तू आवरायला घेतल्या, तर बाटली नव्हती. भवानी पेठेत त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या यजमानांना विचारलं.

"आजारी पडायच्या आधी एकटीच नातेपुत्याला जाऊन आली," ते म्हणाले.

नातेपुत्याचा पत्ता अक्कांच्या डायरीत सापडला. मी गेलो. त्या म्हाताऱ्याच्या बायकोने दारातच ओळख विचारली, मग आत बसवलं.

"व्हय, आल्या हुत्या त्या बाई. बाटली माघारी दिली, समदं सांगितलं. लई रडल्या. मी म्हनलं, जेवून जावा."

"जेवल्या?"

"दोन घास."

ती आत जाऊन बाटली घेऊन आली. "टाकू कशी? तुमी बी तिथलंच मोजनारं न्हवं का? मग सांगा की. माझा मानूस ह्यानंच गेला का?"

मी बाटली हातात घेतली. तळाला थोडा तपकिरी अर्क उरला होता. यंत्रात घातला असता तर आकडा आला असता, अगदी अचूक. पण आजचा.

"आता नाही कळायचं, आजी."

म्हातारीने बाटली माझ्या हातातून घेतली आणि नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवली.

"त्या बी हेच म्हनल्या," ती म्हणाली.