लेफ्ट बॅकची खुर्ची

हणमंतराव पसारे अकरा वर्षं फुटबॉल खेळले आणि त्यांनी एकही गोल केला नाही. हे ऐकलं की माणसं आधी हसतात, मग जरा सावरून विचारतात, “म्हणजे गोलकीपर होता का?” नव्हते. ते लेफ्ट बॅक होते; आपल्या गोलपुढं, डाव्या अंगाला उभं राहून समोरच्याला अडवणारा गडी. त्याच डाव्या बाजूला, पण त्यांच्या पुढं, जयदीप राठी नावाचा पानिपतचा विंगर खेळायचा. जयदीपनं त्याच अकरा वर्षांत ब्याण्णव गोल केले. धावत सुटण्याआधी तो डावा पंजा पाठीमागं उघडायचा, एवढीच खूण. वळून बघायचा नाही. पंजा उघडला की हणमंतराव पुढं सरकायचे आणि जयदीपनं सोडलेली जागा धरायचे. टाळ्या पुढं पडायच्या, हे मागं उभे.

ही सवय कोल्हापूरची. तिथं पेठेपेठेच्या तालमींचे संघ असतात आणि सामना म्हणजे निम्मं गाव मैदानात. त्यांच्या तालमीच्या वस्तादांनी पोराला एकच गोष्ट शिकवली होती: पुढचा गेला की त्याची जागा तुझी, कुणी सांगायची वाट बघायची नाही. पोरगं हे असं शिकलं की जन्मभर विसरलं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढणारा कमी पडला तर हणमंतराव भाताचं पातेलं उचलत. पुढं दिल्लीच्या केंद्रीय मंत्रालयातल्या नोकरीत कुणी रजेवर गेलं की त्याच्या टेबलावरच्या फायली आपोआप यांच्या टेबलावर येत. अशा माणसाला बढती मिळत नाही, हे काय वेगळं सांगायला पाहिजे?

खेळाडूंच्या कोट्यातून ती नोकरी लागली म्हणून ते बाविसाव्या वर्षी दिल्लीला आले, आणि यमुना रोव्हर्स या तेव्हा नव्यानंच उभ्या राहिलेल्या क्लबकडून खेळू लागले. आज तो क्लब मोठा झाला आहे. परदेशी कोच आहे, गुरुग्रामला काचेचं ऑफिस आहे, पोरांच्या टीशर्टवर जाहिराती आहेत. हणमंतराव मात्र गाझियाबादच्या वसुंधरात, तिसऱ्या मजल्यावर, एकटे आहेत. पत्नी प्रमोदिनी चार वर्षांपूर्वी गेली. ती पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. पेपरातली रोव्हर्सची कात्रणं तिनंच कापून वहीत चिकटवली होती. कात्रणात मथळा जयदीपचा, फोटो जयदीपचा. एका फोटोच्या कडेला कुणाचं तरी कोपर तेवढं आलं होतं. पाहुणे आले की प्रमोदिनी वही उघडायची आणि त्या कोपरावर बोट ठेवून म्हणायची, “हे आमचे.” ती गेल्यापासून वही कुणी उघडली नव्हती.

मुलगा चैतन्य गुरुग्रामला असतो. दर रविवारी न चुकता फोन करतो, तब्येत विचारतो, गोळ्या विचारतो, आणि सातव्या मिनिटाला म्हणतो, “चलो बाबा, ठेवतो.” पोरगा वाईट नाही. त्याला काम आहे आणि यांना नाही, एवढाच दोघांतला फरक. बाकीचे सहा दिवस हणमंतराव दूध आणतात, पेपर वाचतात, बाल्कनीतून खालची पार्किंग बघतात. कधी कधी दुपार झाली तरी आपण सकाळपासून तोंड उघडलेलंच नाही हे त्यांच्या लक्षात येतं. मग ते उगाच घसा खाकरतात.

अशात ऑक्टोबरात एक फोन आला. पलीकडं मुलगी होती, हिंदीत बोलत होती. नाव ऐकून ती थबकली.

“पसारे म्हणजे मराठी ना? अरे वा! मी अक्षता. आम्ही पण मराठी, काका, पण मी इधरच वाढलेय, सो माझं मराठी थोडं वीक आहे हां.”

अक्षता क्लबच्या प्रसिद्धी विभागात होती. क्लबला चाळीस वर्षं होत होती आणि त्यानिमित्त ती एक यादी करत होती. गाजलेल्यांची नव्हे, ज्यांना खेळाच्या मानानं कधी नाव मिळालं नाही अशा अकरा जणांची. प्रत्येक जागेला एक खेळाडू, रोज क्लबच्या पेजवर एकाची गोष्ट आणि शेवटी सत्कार. जुने कागद कुणी जपले नव्हते. तेव्हा एका निवृत्त मॅनेजरनं तिला हणमंतरावांचा नंबर दिला आणि सांगितलं, “इनको सब याद है.”

“काका, तुम्ही टीमसोबत असायचात ना?”

“असायचो,” हणमंतराव म्हणाले.

इथंच घोळ झाला. अहो, ‘खेळायचो’ म्हणायला काय झालं होतं? पण विचारलं त्याचं तेवढंच उत्तर द्यायचं ही त्यांची रीत. अक्षतानं त्यांना टीमचं सामान सांभाळणारे, प्रवासाची तिकिटं काढणारे कुणीतरी समजून टाकलं, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर नऊ दिवस ती रोज चार वाजता फोन करायची. नऊ दिवस हणमंतराव साडेतीनलाच चहा उरकून, केस विंचरून फोनपाशी बसायचे. फोनवर केस दिसत नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं. आणि काय बोलायचे! कुठल्या गोलकीपरनं बोट मोडलेलं लपवून फायनल काढली, कुठला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, सामन्याआधी बाथरूममध्ये जाऊन रडायचा आणि मैदानात वाघ व्हायचा, सगळं काल घडल्यासारखं. अक्षता “ओ माय गॉड, काका!” करत लिहून घ्यायची. वर्षाचा बोलण्याचा कोटा त्यांनी त्या नऊ दिवसांत संपवला. ते सुखात होते, खरंच सुखात होते.

पाचव्या दिवशी तिनं विचारलं, “आणि लेफ्ट बॅक? तिथं कोण होतं, जो खूप अंडररेटेड होता?”

हणमंतराव सरसावून बसले. आता ही विचारेल, तुम्ही कुठं खेळायचात काका? त्यांनी वाट बघितली. ती पण वाट बघत होती. स्वतःचं नाव आपल्याच तोंडानं कसं घ्यायचं? मध्ये मोकळी जागा पडली, आणि मोकळी जागा त्यांना कधीच सोसली नव्हती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “एक सुधन्वा बर्वे होता.”

सुधन्वा त्यांच्या नंतरचा. हणमंतराव थांबले तेव्हा त्यांनीच त्याला तयार केला होता. पोरगा दोनच मोसम खेळला, मग गुडघा गेला आणि तो इंदूरला निघून गेला. एकदा सुरुवात केल्यावर हणमंतरावांना राहवलं नाही. दिल्ली गेटजवळच्या मैदानावर सुधन्वाला स्ट्रेचरवरून नेताना त्यानं मान वळवून आपली जागा कुणी धरली का ते कसं बघितलं, हे सांगताना त्यांचाच आवाज फुटला. पलीकडं अक्षतानं नाक ओढलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली. दोन मोसम कुठं आणि अकरा वर्षं कुठं! ती तपासेल. कुठंतरी जुना संघ, जुना फोटो सापडेलच. यादी सुरू व्हायला आठवडा होता. त्यांना त्या यादीत यायचं होतं. आयुष्यात त्यांनी फार काही मागितलं नव्हतं. पण हे मात्र त्यांना हवं होतं, इतकं की त्याची त्यांनाच लाज वाटत होती. त्यांनी कपाटातून वही काढली आणि कोपर बघितलं. रविवारी चैतन्यला म्हणाले, “गुरुवारी क्लबचं पेज बघ. अकरा वाजता. लेफ्ट बॅक आहे.”

“अच्छा? बिल्कुल बघतो,” चैतन्य म्हणाला.

गोलकीपर रविवारीच झाला होता. मग राइट बॅक, मग दोन स्टॉपर. गुरुवारी हणमंतराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोन हातात धरून बसले. अकराला फोटो आला. सुधन्वा हसत होता. खाली गोष्ट होती, स्ट्रेचरची, मान वळवण्याची, शब्द न् शब्द हणमंतरावांचा. आठशे लोकांना ती आवडली होती. एकानं लिहिलं होतं, ‘लेफ्ट बॅक को कौन याद रखता है, थँक यू रोव्हर्स.’

दुपारी चैतन्यचा फोन आला, चक्क गुरुवारी.

“बाबा, बघितलं मी. यार, काय स्टोरी आहे! हा सुधन्वा, तुम्ही ओळखायचात त्याला?”

बाप कुठल्या जागी खेळायचा हे पोराला ठाऊक नव्हतं. कोण सांगणार? सांगणारी गेली होती.

“ओळखायचो,” हणमंतराव म्हणाले.

राग त्यांना सुधन्वाचा आला नाही, अक्षताचाही नाही. स्वतःचा आला. आणि रागापेक्षा एकटं वाटलं, प्रमोदिनी गेली त्या आठवड्यात वाटलं होतं तसं. अक्षताचे फोन केव्हाच थांबले होते. तिचं काम झालं होतं. तरी चार वाजता चहा आपोआप व्हायचा.

सत्काराचं आमंत्रण मात्र आलं. ‘माहितीसाठी विशेष आभार’ म्हणून. न जाणं त्यांना जमलं असतं, पण जाण्यासारखं दुसरं ठिकाण तरी कुठं होतं? नोव्हेंबरातली ती सकाळ धुरानं पिवळी पडली होती. तोंडाला मास्क लावून त्यांनी वैशालीहून मेट्रो धरली, मंडी हाऊसला बदलली आणि आयटीओला उतरून सभागृह गाठलं. दारात जयदीप भेटला, प्रमुख पाहुणा. केस पांढरे झाले होते, पण पाठ तशीच ताठ. “ओए पसारे!” म्हणून त्यानं कडकडून मिठी मारली. मिठी खरी होती. “बैठ यार, आगे बैठ,” म्हणत तो स्टेजकडं गेला.

भाषणात जयदीप पानिपतच्या बालपणाबद्दल बोलला, ब्याण्णव गोलांबद्दल बोलला, आणि शेवटी म्हणाला, “मैंने ज़िंदगी में कभी पीछे मुड़के नहीं देखा.” सभागृहानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत हणमंतरावांनीही वाजवल्या, सवयीनं.

मग अकरा जणांना स्टेजवर बोलावलं. अकरा खुर्च्या, मैदानावरच्या जागांप्रमाणे मांडलेल्या. पाठीवर नावाची पट्टी. दहा भरल्या. सुधन्वाचं विमान धुरामुळं जयपूरला वळवलं होतं. फोटोवाला वैतागला. “सर, लेफ्ट में गॅप आ रहा है. किसी को बिठा दो.”

अक्षता इकडंतिकडं बघू लागली. सकाळी दारात ओळख झालेले काका तिला दुसऱ्या रांगेत दिसले. “काका, तुम्ही बसता का प्लीज? सिर्फ फोटोसाठी.” आणि स्टेजवरून जयदीपनं हाक मारली, “आ जा पसारे, तू भर दे.”

मेंदूला कळायच्या आधी पाय उठले. तीन पायऱ्या चढून हणमंतराव खुर्चीपाशी पोचलेसुद्धा. पाठीवर हात ठेवला तेव्हा पट्टीवरचं नाव बोटांखाली आलं. ते तिथंच थांबले. फोटोवाला म्हणाला, “बैठिए अंकल.” सगळं सभागृह बघत होतं. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं एकदम त्यांच्याकडं बघत होती, आणि तीही ते बसावेत म्हणून.

“नको,” हणमंतराव म्हणाले.

“काका?”

“मोकळी राहू दे ही जागा. दिसू दे जरा.”

त्यांचा आवाज मोठा नव्हता. अक्षता दोन पावलं जवळ आली. ती त्यांच्या उभं राहण्याकडं बघत होती. डावा पाय पुढं, खांदा जरासा वळलेला. असं उभं राहणारे खेळाडू ती कामात रोज बघत होती.

“काका,” तिनं हळू विचारलं, “तुम्ही कुठं खेळायचात?”

“लेफ्ट बॅक. अकरा वर्षं.”

तिचा हात तोंडाकडं गेला. “मला का नाही सांगितलंत?”

“चुकलं माझं,” ते म्हणाले, आणि ते खरंच तसं म्हणत होते. मग पायऱ्या उतरले, मास्क चढवला आणि मेट्रोकडं चालू लागले. मागून जयदीपची हाक आली, “अरे पसारे, कहाँ जा रहा है?” जन्मात कधी मागं न बघितलेल्या जयदीपला मागं बघावं लागलं, ते असं. हणमंतराव मात्र वळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेजवर फोटो आला. अक्षताचे तीन मेसेज येऊन पडले होते; त्यांनी अजून उघडले नव्हते. आधी त्यांनी चष्मा लावला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. दहा माणसं हसत होती, आणि डाव्या बाजूला रिकामी खुर्ची होती. या फोटोत त्यांचं कोपरसुद्धा नव्हतं. तरी ते बराच वेळ तिथंच बघत राहिले. एवढी मोठी मोकळी जागा अकरा वर्षांत त्यांनी कुणाला दिसू दिली नव्हती.